वाईट काय ते आधी सांगा

भाड्याचं घर दाखवताना नानांनी त्या घराबद्दल एकही चांगला शब्द काढला नाही. फाटकातच उभं राहून त्यांनी सुरुवात केली. "ही भिंत पश्चिमेची. मे महिन्यात दुपारी हात लावाल तर चटका बसेल. मागच्या घरातला पोपट उजाडायच्या आधी ओरडायला लागतो. हायवे जवळ आहे, ट्रकचा आवाज येतो. आणि पाणी. बोअरचं आहे आणि वाईट आहे. डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, तोट्या पांढऱ्या पडतात. हे सगळं चालणार असेल तर आत या."

माझा नवरा हळूच म्हणाला, "यांना घर द्यायचं नाहीये बहुतेक." पण मला तो म्हातारा तिथल्या तिथे आवडला. धुळ्याहून माझी जळगावला बदली झाली होती आणि घर शोधता शोधता "एकदम शांत एरिया" आणि "पाण्याची कटकटच नाही" ही दोन वाक्यं ऐकून माझे कान किटले होते. आम्ही खालच्या दोन खोल्या घेतल्या. घरमालक नाना खालीच, शेजारच्या खोल्यांत. नशिराबादच्या बाजूला, शहर संपतं तिथली ती कॉलनी. मे महिन्यात भिंतीला हात लावून पाहिला. चटका बसला. पोपटही खरा निघाला.

नानांची नोकरी जिनिंगमधली. कापसाच्या गाड्या आल्या की प्रत ठरवायची हे त्यांचं काम. सगळे वरचा कापूस मुठीत घेऊन बघायचे. नाना बाही वर सारून ढिगात काखेपर्यंत हात घालायचे आणि तळातला कापूस ओढून काढायचे. तिथे कधी ओल सापडायची, कधी किडलेली कवडी, कधी मागच्या वर्षीचा पिवळा पडलेला माल. "वरचा कापूस सगळ्यांचाच चांगला दिखस," असं ते म्हणत. शेतकरी त्यांच्यावर चिडायचे, कारण भाव पडायचा. मालक चिडायचे, कारण चांगल्या मालाला नाना तेवढ्याच ठामपणे चांगला म्हणायचे आणि भाव चढायचा. निरोपाच्या समारंभाला म्हणे मोजकीच माणसं होती. हे नानांनीच मला सांगितलं, आणि त्यात त्यांना वाईट वाटण्यासारखं काही दिसलं नव्हतं.

निवृत्त झाले तरी हात तळाशी घालायची सवय गेली नाही. टरबूजवाल्याला विचारायचे, "यातलं तू घरी नेणार नाहीस ते कोणतं?" डॉक्टरांनी गोळी लिहून दिली की, "हिच्यानं नुकसान काय होतं, ते आधी सांगा." लग्न जमवायला आलेल्या पाहुण्यांना मुलाच्या बापासमोर विचारायचे, "पोऱ्याला राग कशाचा येतो?" नात्यातली माणसं त्यांना हल्ली बैठकीला बोलवत नसत. मीही एकदा नवीन साडी नेसून त्यांना विचारण्याची चूक केली होती. त्याबद्दल काही लिहीत नाही.

आता अक्का. नानांची बायको. पाय घसरून पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, पण स्वतः उठून अंघोळीला जाणं संपलं. मुलगा पुण्याला, सून नोकरीवाली. बाई ठेवली ती टिकली नाही. मग नाना स्वतःच अक्कांना अंघोळ घालू लागले. प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवायचं, पायजमा गुडघ्यापर्यंत दुमडायचा आणि दार लावून घ्यायचं. कॉलनीतल्या बायका तोंडाला पदर लावून हसायच्या. मला त्यांच्या हसण्याचा संताप यायचा. यातल्या एकीच्याही नवऱ्यानं बायकोला कधी पाण्याचा तांब्या भरून दिला नव्हता.

अक्कांची कातडी आधीच कोरडी. बोअरच्या पाण्यानं साबण धड निघायचा नाही, अंगावर पांढरी साय धरायची आणि दिवसभर खाज. पोटऱ्या आणि दंड खाजवून खाजवून रक्त यायचं. कातडीच्या डॉक्टरांनी मलम दिलं आणि म्हणाले, पाणी बदलता आलं तर बघा, थोडा फरक पडेल. नानांनी दुसऱ्या दिवसापासून पाणी बदललं. जुन्या गावात त्यांच्या एका मित्राकडे महापालिकेचा नळ होता. स्कूटरवर पायाशी एक आणि मागे एक बांधलेला, असे दोन कॅन घेऊन नाना रोज तिकडून पाणी आणू लागले. ऐंशीच्या घरातला माणूस. वळणावर स्कूटर एका अंगाला कलायची आणि माझा जीव खालीवर व्हायचा.

मीच म्हटलं, "नाना, पाणी मऊ करायचं मशीन मिळतं. सॉफ्टनर. बसवून टाका." कसं चालतं तेही मी कुठेतरी वाचलेलं सांगितलं. नळकांड्यात बारीक मणी असतात, ते पाण्यातला क्षार धरून ठेवतात, मणी भरले की मिठाच्या पाण्यानं धुवायचे. एवढंच. नाना म्हणाले, "बरं. कोण विकतं?"

त्या एका प्रश्नावर आमचं वर्ष गेलं.

काय काय नमुने आले त्या घरी! एकाला सॉफ्टनर आणि पिण्याच्या पाण्याचा फिल्टर यातला फरक माहीत नव्हता. एकानं पाइपवर चिकटवायचं लोहचुंबक आणलं आणि "मीठ नको, वीज नको, काहीच नको" म्हणाला. एकानं ओळख व्हायच्या आतच मुतखड्याचे फोटो मोबाइलवर दाखवले. दुसरा केस गळण्यावर बोलला, तेही नानांच्या टकलाकडे बघत. प्रत्येकाची सुरुवात आम्हाला घाबरवण्यापासून. चहा मी करायचे, त्यामुळे मला सगळं ऐकावं लागायचं, आणि शेवटी शेवटी माझे कप जोरात आपटायला लागले होते.

नाना शांतपणे ऐकून घ्यायचे आणि मग विचारायचे, "यामा वाईट काय शे, ते आधी सांगा."

"वाईट? वाईट काहीच नाही, आबा."

नाना हात जोडून उभे राहायचे. मुलाखत संपली.

एखादा हुशार निघून काहीतरी किरकोळ वाईट सांगायचा. मग दुसरी अट. "तुम्ही सगळ्यात आधी बसवलं त्या घरी मला न्या. मागच्या महिन्यातलं गिऱ्हाईक नको, सगळ्यात जुनं. मी तिथं अंघोळ करीन." आधी समोरच्याला वाटायचं म्हातारा थट्टा करतोय. नाना आतून टॉवेल, लंगोट आणि साबणाची डबी घालून ठेवलेली पिशवी घेऊन यायचे, तेव्हा त्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. बहुतेकांचे फोन त्यानंतर लागत नसत. एक जण खरंच भुसावळला घेऊन गेला. तिथल्या घरमालकानं सांगितलं की मशीन बंद पडून कितीतरी दिवस झाले, आता त्यावर ते तुळशीची कुंडी ठेवतात. नानांनी तरीही अंघोळ केली. म्हणाले, एवढं लांब आलो होतो.

धुळ्याची गोष्ट माझ्या माहेरच्या गल्लीत घडली म्हणून मला जास्त लागली. तिथल्या एका दुकानदारानं पत्ता दिला आणि "तुम्हीच जाऊन या" म्हणून मोकळा झाला. त्या घरी फोन करण्याची तसदी त्यानं घेतली नाही. भर दुपारी नाना दारात उभे. खांद्यावर टॉवेल, तोंड उन्हानं काळवंडलेलं, आणि म्हणतात, "जरा अंघोळीला पाणी मिळेल का?" आपल्याकडे असा माणूस दारात आला की त्याचा एकच अर्थ होतो. त्या बाईंनी लगबगीनं अंगणात बादली आणून ठेवली, कडुनिंबाचा पाला आणला, उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही आणि हळू आवाजात विचारलं, "कोन गया, आबा?"

नाना म्हणाले, "कोनीच नही गया. तुमनं पानी देखाले उनू."

माझ्या आईला हे कळलं तेव्हा ती पोट धरून हसली. मी नाही हसले. मला त्या दुकानदाराचा राग आला. म्हाताऱ्या माणसाला उन्हात परक्याच्या दारात पाठवतो आणि एक फोन करत नाही. बरं, बादलीतलं पाणी बोअरचंच होतं, मशीनची जोडणी अंगणातल्या नळाला नव्हती. सगळा हेलपाटा फुकट.

त्या दिवशी मी नानांवरही भडकले. "इकडे अक्का रात्रंदिवस खाजवतायत आणि तुम्ही गावोगाव अंघोळी करत फिरताय. कुणाचं तरी आणा आणि बसवा." नाना टॉवेल झटकत होते. म्हणाले, "ताई, मशीन उद्या आणता येईल. ते बिघडल्यावर कोण येईल, ते मी शोधतोय. मी नसलो तर हिनं फोन कोणाला करायचा?" त्यांचं खरं होतं, म्हणून मी आणखीच चिडले.

दिवाळीला मुलगा आला. हुशार मुलगा, वाईट नाही, पण सगळ्याच गोष्टींची घाई. नाना पाण्याला गेलेले असताना त्यानं कुठल्याशा कंपनीच्या माणसाला बोलावलं. टाय लावलेला, तोंडात साखर. त्यानं टेबलावर दोन ग्लास मांडले. एकात आमच्या नळाचं पाणी, दुसऱ्यात त्याच्या बाटलीतलं. दोन्हीत वायर जोडलेल्या लोखंडी कांड्या बुडवल्या आणि बटण दाबलं. त्याचा ग्लास जसाच्या तसा. आमच्या ग्लासातलं पाणी आधी पिवळसर झालं, मग तपकिरी, मग वर काळा थर तरंगू लागला. मुलाचा चेहरा पांढरा पडला. मी खोटं कशाला बोलू, मीही तो ग्लास हातानं लांब सरकवला. त्या कांड्यांचंच लोखंड सुटून पाणी तसं होतं, आणि त्याच्या ग्लासात मिठाची चिमूट टाकली असती तर तिथेही तोच चिखल झाला असता, हे मला खूप नंतर कळलं.

तेवढ्यात नाना कॅन घेऊन आत आले. मुलानं तो ग्लास त्यांच्यासमोर धरला. "हे तुम्ही आईच्या अंगावर ओतता?"

नाना कॅन हातात तसाच धरून उभे राहिले. मी म्हटलं, "अरे, ते काय ओततात ते त्यांच्या हातात आहे, बघ की." पण मुलगा ऐकण्याच्या पलीकडे गेला होता. म्हणाला, "कॅननं पाणी वाहतात या वयात. लोक मला काय म्हणतील?" नानांनी त्या माणसाला नेहमीचा प्रश्न विचारला. त्यानं नेहमीचं उत्तर दिलं. नाना म्हणाले, "मग नको." मुलगा म्हणाला, "मी घेतोय." आणि संध्याकाळी बाथरूमबाहेरच्या भिंतीवर एक पांढरी पेटी बसली. तिच्यावर निळा दिवा लुकलुकायचा आणि घेणाऱ्याला मिक्सर भेट होता.

निळ्या दिव्याखेरीज त्या पेटीनं काहीही केलं नाही. तोट्या पांढऱ्या पडतच राहिल्या. नाना गुपचूप कॅन आणत राहिले. मी त्या कंपनीला फोन करकरून थकले. नवीन घेणाऱ्यासाठी एक आकडा दाबा म्हणायचे, तो दाबला की लगेच माणूस बोलायचा. तक्रारीसाठी दुसरा दाबला की गाणं वाजत राहायचं. नाना मुलाला एका शब्दानं बोलले नाहीत. मला बोलायची फार इच्छा होती, पण तो माझा मुलगा नव्हता.

खरा माणूस सापडला दोंडाईच्याला. नात्यातल्या लग्नाला गेलेले असताना नानांनी चौकशी केली आणि एका निवृत्त शिक्षिकेच्या घरी अंघोळ करून आले. त्या बाईंनी मशीनबद्दल भरपूर तक्रारी सांगितल्या. दोनदा बिघडलं, एकदा गळलं. "पण बलावं का येस तो," म्हणाल्या. नाना तिथूनच ते मशीन बसवणाऱ्याच्या दुकानात गेले.

तो आमच्याकडे आला तेव्हा मी सवयीनं कप आपटायच्या तयारीत होते. त्यानं आधी आमचं पाणी तपासलं. मग नानांनी प्रश्न विचारला आणि तो माणूस बोलतच सुटला. मीठ सारखं घालावं लागेल, विसरलात तर मशीन नुसती शोभेची. धुण्यात पाणी वाया जातं. हे पाणी झाडांना घालू नका. सुरुवातीला बुळबुळीत लागेल, अंगावरचा साबण निघालाच नाही असं वाटेल, आजी तुम्हाला शिव्या देतील. खाज पूर्ण जाईल असं मी म्हणणार नाही, मी डॉक्टर नाही. मग त्यानंच उलटा प्रश्न विचारला, "गच्चीवर मिठाची गोणी कोण चढवणार? तुम्ही चढवणार असाल तर मी देत नाही. मशीन खाली बसवायला जागा असेल तर बघू."

नानांच्या तोंडावर असं हसू मी आधी पाहिलं नव्हतं. मशीन जिन्याखाली बसलं. खाटेवरून अक्कांना ते दिसत नसे.

अक्कांनी ठरल्याप्रमाणे शिव्या दिल्या. "अंग नुसतं बुळबुळ करस," म्हणायच्या. मग हळूहळू शिव्या थांबल्या. दंडावरच्या खपल्या गेल्या. एकदा वेणी घालताना मी त्यांच्या मानेवरून हात फिरवला तर कातडी मऊ लागली. मला इतका आनंद झाला की मी तसं बोलून दाखवलं. अक्का भिंतीवरच्या निळ्या दिव्याकडे बघून मुलाच्या कौतुकानं म्हणाल्या, "मना आंडोरनी बसाडेल शे ते. कितला जीव शे त्याना मनावर."

मी तोंड उघडलं. दारात नाना उभे होते. त्यांनी मान हलवून मला गप्प केलं. बाहेर आल्यावर मी म्हटलं, "हे चालणार नाही. ती पेटी काढा आणि त्यांना खरं सांगा." नाना म्हणाले, "राहू द्या ताई. पोऱ्या दूर आहे. तिला तेवढं बरं वाटतं." आणि मला कळलं की पेटीचा प्लग ते रोज स्वतः लावत होते. जन्मभर तळात हात घालणारा माणूस! मला तेव्हा त्यांचा किती राग आला, सांगता येत नाही.

पण याहून मोठा राग पुढे होता. अक्कांनी मुलाला फोनवर सांगितलं, मुलानं कंपनीच्या माणसाला कौतुकानं कळवलं, आणि तो टायवाला आमच्याच दारात गिऱ्हाइकं घेऊन यायला लागला. बाहेरून निळा दिवा दाखवायचा. अक्का ओसरीवर खाटेवर बसलेल्या असायच्या, त्यांना नमस्कार करायचा. अक्का दंड पुढे करून सांगायच्या, बघा, किती फरक पडला. आमच्या कॉलनीत तशा पेट्या दिसू लागल्या. मी चार जणींना खरं सांगितलं. त्या म्हणाल्या, "अक्का खोटं बोलतील का?"

हे चाललेलं नाना बघत होते. त्यांचं जेवण कमी झालं.

मग एका सकाळी रावेरकडचा एक केळीवाला शेतकरी एकटाच आला. टायवाल्यानंच पत्ता दिला होता. साधा माणूस, दारात चपला नीट लावून आला. त्याच्या सुनेचे हात फुटले होते, तान्हं मूल होतं, त्याला हात लावताना ती रडायची. त्यानं अक्कांचं सगळं ऐकून घेतलं आणि नानांकडे वळून विचारलं, "भाऊ, घेऊ का मग?"

अक्का हसत होत्या. मी माझ्या दारात भाजी निवडत बसले होते, माझा हात थांबला. नाना उठले, भिंतीपाशी गेले आणि पेटीचा प्लग काढला. दिवा विझला. म्हणाले, "नका घेऊ. ही पेटी काही करत नाही. हिच्या अंगाला गुण आला तो जिन्याखालच्या मशीनचा. चला, दाखवतो. त्याचं वाईट काय तेही सांगतो." आणि त्या माणसाला घेऊन ते जिन्याकडे गेले. मुलाचं नावसुद्धा त्यांनी घेतलं नाही. पण अक्कांना कळायचं ते कळलं. त्यांनी पुढे केलेला दंड हळूच पदराखाली घेतला.

त्या दिवसापासून त्या नानांशी बोलेनात. अंघोळीला त्यांना हात लावू देईनात. "ताईले बलावा," एवढंच. मी ऑफिसला जायच्या आधी जाऊन अंघोळ घालायचे. नाना दाराबाहेर स्टुलावर बसून असायचे आणि आतून पाणी ओतल्याचा आवाज आला की विचारायचे, "गरम जास्त नाही ना?" अक्का उत्तर द्यायच्या नाहीत. मीच म्हणायचे, नाही.

आणि एवढं करून काय झालं? कॉलनीत टायवाला भेटला तेव्हा दात काढत म्हणाला, रावेरच्या त्या पार्टीकडे पेटी बसली. मी विचारलं, कशी? म्हणाला, "मी त्यांना समजावलं. बापलेकाचं पटत नाही, म्हणून म्हातारा मुलाच्या वस्तूला नावं ठेवतो. घराघरात असतं हे. त्यांना लगेच पटलं." माझ्या हातात भाजीची पिशवी होती. ती मी त्याच्या अंगावर फेकली नाही याचं मला आजही वाईट वाटतं.

मी तरातरा येऊन नानांना सांगितलं. वाटलं, आता तरी हा माणूस ओरडेल. नानांनी खांद्यावरच्या टॉवेलची घडी घातली. मग म्हणाले, "त्यानं विचारलं होतं, ताई. न सांगून कसं चाललं असतं?" डोळे पुसले आणि जिन्याखाली मीठ बघायला गेले.

हे मी मुद्दामच अक्कांच्या खोलीच्या दारात उभं राहून मोठ्यानं बोलले होते. त्यांना ऐकू जावं म्हणूनच.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्यांना खुर्चीवर बसवलं, पाणी विसणलं, पाठीला साबण लावला. अक्कांनी माझं मनगट धरलं. मग म्हणाल्या, "तुना हात लागस माले. त्यासले धाड."

मी दार उघडलं. नाना स्टुलावरून आधीच उठले होते आणि पायजमा दुमडत होते.